कमाल आहे तुझी

"पडीक कुनाला म्हन्तेस गो?"

ताराबाय गोताडांनी हे विचारलं तेव्हा मी सड्यावर घोटाभर पाण्यात उभी होते. हातात नकाशा होता आणि मी जिथे उभी होते बरोबर त्याच जागी नकाशावर 'पडीक' असं छापलेलं होतं. बुटांत पाणी शिरलं होतं. वारा नकाशा पळवायला टपलेला होता.

"मी नाही म्हणत," मी म्हटलं. "नकाशा म्हणतो."

"आनि नकाशा कुनी काडलान?"

"मी."

"मग?"

मी नकाशाची घडी घातली. घडी चुकीची पडली, पुन्हा घातली. तोवर त्या विळा कमरेला खोचून माझ्याकडे बघत उभ्या होत्या.

मी लातूर जिल्ह्यातली, औशाकडची. आमच्याकडे सडा म्हणजे सकाळी अंगणात शिंपडतात तो. आमच्या ऑफिसच्या सरांनी जेव्हा मला सांगितलं की "गोताडवाडीच्या सड्यावर जाऊन चार फोटो काढून आण," तेव्हा क्षणभर मला वाटलं कुणाच्या तरी अंगणात जायचं आहे. इथे येऊन कळलं की कोकणात सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं सपाट कातळाचं पठार. आणि सप्टेंबरच्या शेवटी ते असं दिसतं हे तर मला कुणीच सांगितलं नव्हतं. कातळाच्या प्रत्येक खळग्यात पाणी, पाण्याच्या कडेने बारीक पांढरी आणि जांभळी फुलं, मधे मधे मातीच्या तुकड्यांवर नाचणी. गाई पार पलीकडच्या टोकाला चरत होत्या. मी दुष्काळी भागातली मुलगी. इतकं पाणी उघड्यावर पडलेलं बघून मला आधी रागच आला.

"हे पाणी जातं कुठे?" मी विचारलं.

ताराबाय चालू लागल्या. मी मागोमाग. सड्याच्या कडेला आल्यावर त्यांनी खाली बोट दाखवलं. कातळाच्या पोटातून झरा फुटला होता. त्याला काळा पाइप लावलेला आणि तो पाइप झाडीतून थेट खाली वाडीत उतरत होता.

"आमी पितो तां ह्येच पानी. विहीर न्हाय, नळ न्हाय. सड्यावर जां पडेल तां आमच्या हंड्यात. आता तुमी हितं शेराचा कचरा टाकनार. मग हंड्यात काय येल, सांग."

ते दोघींनाही माहीत होतं.

"बघते मी काय करता येतं ते," मी म्हटलं.

"बगू नको," त्या म्हणाल्या. "बगायला सगळे येतात."

*

हा सगळा उद्योग कशासाठी होता ते सांगते. तालुक्याच्या शहराला कचरा डेपोसाठी जागा हवी होती. नगरपरिषदेने जागा शोधण्याचं काम सरपोतदार सरांच्या ऑफिसला दिलं होतं. ऑफिस म्हणजे औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर, सर आणि मी.

सर आयुष्यभर सरकारी नोकरीत नकाशे करून निवृत्त झालेले. हुशार आणि खडूस. त्यांचा एक हट्ट होता. सरकारी अहवाल मराठीत जातात, तर आपणही मराठीत विचार करायचा. जीआयएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या, नकाशातल्या प्रत्येक चौकोनाला सगळं जग सेल म्हणतं, सर म्हणायचे घर. मॅक्सिमम म्हणजे कमाल, मिनिमम म्हणजे किमान, मीन म्हणजे सरासरी. मी कधी इंग्रजी शब्द बोलले की चष्म्यावरून बघायचे. आणि माझं काही चुकलं, किंवा मी उलट बोलले, की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "कमाल आहे तुझी!" दिवसातून दोनतीनदा तरी ते मला ऐकावं लागायचं, कारण उलट बोलणं हा माझा जन्मजात गुण आहे.

नोकरीवर घेताना त्यांनी माझी गुणपत्रिका उलटसुलट करून बघितली होती आणि म्हणाले होते, "मार्क सरासरी आहेत. चालेल. सरासरी माणसं टिकतात." मी टिकले होते, पण ते वाक्य काही मी विसरले नव्हते.

काम तसं समजायला सोपं. तालुक्याचे पाच नकाशे. एक उताराचा, एक मातीचा, एक पाण्यापासून अंतराचा, एक रस्त्यापासून अंतराचा आणि एक जमिनीच्या वापराचा. प्रत्येक नकाशावर चौकटीच्या वहीसारखी घरं आखलेली. जमिनीवरचे तीस मीटर लांब आणि तीस मीटर रुंद म्हणजे नकाशावरचं एक घर. प्रत्येक घराला प्रत्येक नकाशात मार्क द्यायचे. सपाट असेल तर जास्त, नदीजवळ असेल तर कमी, असं. मग पाचही नकाशे एकावर एक ठेवून त्याच जागच्या घरांची बेरीज करायची. बेरीज जितकी मोठी तितकं घर लाल, जितकी लहान तितकं हिरवं. जिथे सगळ्यात लाल, तिथे कचरा.

सगळ्यात लाल आला होता गोताडवाडीचा सडा. सपाट, नदीपासून लांब, रस्त्यापासून बेताच्या अंतरावर. तो झरा कुठल्याही नकाशात नव्हता. आणि वापराच्या नकाशात, ज्याला सगळ्यात जास्त मार्क ठेवलेले होते, तिथे तो होता पडीक, आणि पडीकला पैकीच्या पैकी.

*

"मी मोकळी जागा दिसेल असे फोटो सांगितले होते," सर म्हणाले. त्यांनी माझे फोटो टेबलावर पसरले होते. "ही बाग कुठून काढून आणलीस? कमाल आहे तुझी!"

"हाच सडा आहे, सर. आपण पडीक म्हटलंय तो."

"पडीक आपण नाही, उपग्रहाने म्हटलंय."

"उपग्रहाने एप्रिलमध्ये म्हटलंय. एप्रिलमध्ये तर आपल्या औषधवाल्याचं डोकंही पडीकच दिसेल."

सर हसले नाहीत. खालचा औषधवाला टकला होता आणि सरांचा मित्र होता.

"एप्रिलची प्रतिमा घेतली कारण आकाश स्वच्छ होतं. पावसाळ्यातल्या प्रतिमा आहेत आपल्याकडे, पण सगळ्या ढगांनी भरलेल्या. जिथे ढग तिथलं घर रिकामं. आणि बेरीज करताना एका नकाशात जरी घर रिकामं असलं तरी उत्तरातही ते रिकामंच येतं. हे तुला पहिल्या आठवड्यात शिकवलंय."

"दुसऱ्या आठवड्यातही काहीतरी शिकवलं होतंत," मी म्हटलं. "बेरजेऐवजी कमाल घ्यायची. ढग रोज एकाच जागी बसत नाहीत. जुलैच्या नकाशात जे घर ढगाखाली आहे ते ऑगस्टच्या नकाशात उघडं असेल. सगळे नकाशे एकावर एक ठेवायचे आणि प्रत्येक घरासाठी वर्षातला सगळ्यात मोठा हिरवेपणा उचलायचा. ढग आपोआप गळून पडतात. तुम्ही पतंगाचे फाटके कागद एकावर एक धरून दाखवलं होतंत."

सरांनी चष्मा काढून पुसला. खरं म्हणजे त्यांना बरं वाटलं होतं, पण ते कबूल करण्यातले नव्हते.

"करून बघ," ते म्हणाले.

मी केलं. वर्षभराच्या हिरवेपणाचे सगळे नकाशे प्रोग्रॅमला दिले. त्याने विचारलं, या घरांतून काय घेऊ? यादी उघडली. किमान, कमाल, सरासरी. मी कमाल निवडलं. निळी पट्टी सावकाश सरकत गेली आणि पडद्यावर नकाशा आला. सडा हिरवागार. मी खुर्चीतच टाळी वाजवली.

"थांब," सर म्हणाले. "आता तोच वापराचा नकाशा म्हणून घे, जितकं हिरवं तितके मार्क कमी, आणि पाचही नकाशांची बेरीज कर."

बेरीज केली. नकाशाभर एकही लाल घर उरलं नाही. सगळीकडे नुसती पिवळट-हिरवी.

"बघितलंस?" सर शांतपणे म्हणाले. त्यांचं शांत बोलणं ओरडण्यापेक्षा वाईट असायचं. "हे कोकण आहे, मंजिरी. इथे ऑगस्टमध्ये भिंतींवर झाडं उगवतात. कमाल घेतलीस तर पडीक काही उरतच नाही. आणि नगरपरिषदेला आपण काय सांगायचं? जागा नाही? मग कचरा टाकायचा कुठे, डोक्यावर?"

हा प्रश्न खोटा नव्हता. शहरात मी राहत होते. स्टँडमागचा ढीग रोज बघत होते, रोज नाकाला रुमाल लावून ओलांडत होते.

"सरासरी घे," सर म्हणाले.

सरासरी घेतली. आठ महिन्यांच्या तपकिरी रंगात चार महिन्यांचा हिरवा बुडून गेला. सडा पुन्हा पडीक झाला आणि बेरजेत पुन्हा लाल.

"हे अन्यायाचं आहे, सर."

"सरासरीत अन्याय नसतो. ती सगळ्यांना सारखी लागते."

"भाताच्या खाचरांना नाही लागली."

"त्यांना लागवड म्हणून वेगळा वर्ग आहे."

"मग ताराबायच्या नाचणीला का नाही?"

"कारण ती घरात मावत नाही! एका घराच्या कोपऱ्यात चार ताटं नाचणीची. प्रतिमेत ती दिसणार कशी?"

"तुमचं घर केवढं आणि तिचं घर केवढं," मी म्हटलं. "नकाशातल्या एका घरात त्या वाडीतली दोनतीन खरी घरं बसतात, सर. तीसुद्धा दिसत नाहीत. म्हणजे तीही नाहीत का?"

सर उठले. खिडकीशी गेले, परत आले.

"कमाल आहे तुझी," ते म्हणाले, पण या वेळी आवाज चढला होता. "शुक्रवारी नगरपरिषदेच्या सभागृहात सरासरीचाच नकाशा लागेल. मी बोलेन, तू माऊस हलवशील. नाही पटत तर लातूरची गाडी स्टँडवर उभी असते."

मी संध्याकाळी खोलीवर जाऊन कपड्यांची बॅगही काढली. मग परत ठेवली. गेले असते तर माऊस दुसऱ्या कुणी हलवला असता.

*

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. समोर नगराध्यक्ष आप्पा खेडेकर. पांढरे कपडे, हातात चांदीच्या मुठीची काठी, चालताना ती लागत नसे, बोलताना लागे. त्यांच्या शेजारी मुख्याधिकारी बाई, नुकत्याच बदलून आलेल्या, फारसं न बोलणाऱ्या. नगरसेवक. आणि मागे दाराशी, खुर्च्या संपल्यामुळे जमिनीवर, गोताडवाडीच्या बायका. ताराबाय पुढे होत्या. त्यांनी मला बघितलं, पण ओळख दाखवली नाही.

मी कॉम्प्युटरपाशी. सर माझ्या शेजारी उभे, प्रोजेक्टरचा प्लग त्यांच्या पायाशी.

सर छान बोलले. उतार, माती, पाणी, रस्ता. मी एकेक नकाशा पुढे सरकवला. शेवटी बेरजेचा आला. मधोमध शहराचं नाव ठसठशीत काळ्या अक्षरांत, भोवती तालुका, आणि वरच्या कोपऱ्यात लाल सडा.

"या क्षेत्राचा सरासरी हिरवेपणा अत्यल्प आहे," सर म्हणाले. "सबब हे क्षेत्र पडीक."

"आमच्या सड्यावर पानी हाय," मागून आवाज आला. ताराबाय उभ्या राहिल्या होत्या. "नाचनी हाय. गुरं चरतात. त्याच्या खाली आमचा झरा हाय. तां पडीक कसां?"

"मावशी, बसा," आप्पा म्हणाले. आवाजात समजूत घालणारा गोडवा. "हा नकाशा उपग्रहावरून आलाय. आपण खोटं बोलू, उपग्रह बोलत नाही."

"ही पोरगी येऊन बगून गेलीय." त्यांनी सरळ माझ्याकडे बोट केलं. "तिला इचारा."

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. सर चटकन म्हणाले, "ती ऑपरेटर आहे."

ऑपरेटर. वर्षभर नकाशे मी केले होते. अहवालांतली वाक्यंही निम्मी माझी होती.

"ऑपरेटर आहे, म्हणूनच सांगू शकते," मी म्हटलं आणि उभी राहिले. "झरा मी पाहिलाय. तो आमच्या एकाही नकाशात नाही. नाचणी पाहिली, पाणी पाहिलं. माझ्या बुटात गेलं होतं. नकाशात यातलं काही नाही, कारण आम्ही वर्षभराची सरासरी काढली."

"मंजिरी," सर हळूच म्हणाले. "बंद कर."

"मग सरासरीत वाईट काय?" आप्पांनी काठी टेकली. "वर्षभराचा विचार केलाय. शास्त्रीय आहे."

"आप्पासाहेब, या सभागृहात वर्षातून किती वेळा सभा भरते?"

"महिन्यातून एकदा."

"म्हणजे बाकीचे दिवस इथे कुणी नसतं. सरासरी काढली तर हे सभागृह पडीक आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. मग दोघेतिघे हसले. मुख्याधिकारी बाई हसल्या नाहीत, पण पेन खाली ठेवून माझ्याकडे बघू लागल्या.

"सरासरी विचारते, साधारणपणे कसं असतं," मी म्हटलं. "दुसरा एक प्रश्न विचारता येतो. इथे वर्षातून एकदा तरी काही उगवतं का? त्याला आम्ही कमाल म्हणतो. तोही तितकाच शास्त्रीय आहे. मला सरांनीच शिकवलाय."

मी यादी उघडली. सगळ्यांना दिसेल अशी. सरासरीवरून बाण काढला, कमाल वर नेला आणि दाबला.

सर माझ्या इतके जवळ उभे होते की त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. निळी पट्टी सरकली. मग मी तो नकाशा बेरजेत घेतला, पुन्हा पट्टी. लाल सडा पडद्यावरून पुसला गेला. तिथे हिरवं आलं. मागे बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली.

पण नकाशावर दुसरीकडेही कुठे लाल नव्हतं. हे मला माहीत होतं आणि याच जागेला मी घाबरत होते.

आप्पा काही कच्चे नव्हते. ते उठले, पडद्याजवळ गेले.

"वा!" ते म्हणाले. "फार सुंदर. सगळा तालुका हिरवा. मग बाई, कचरा टाकायचा कुठे? एकही लाल घर नाही तुमच्या नकाशात. इथे टाकू?" काठी उत्तरेला टेकली. "का इथे?" दक्षिणेला. "इथे? का इथे?" पूर्व, पश्चिम.

नगरसेवक हसायला लागले. मी त्या काठीकडे बघत होते. ती नकाशाच्या चारही बाजूंना फिरली, आणि प्रत्येक वेळी मधलं ओलांडून गेली. मधे शहराचं नाव होतं.

ते नाव मीच तिथे ठेवलं होतं. सुरुवातीपासून. कारण खाली सगळं पांढरं होतं आणि पांढऱ्यावर अक्षरं छान उठून दिसतात.

मी नावावर क्लिक केलं आणि ते काढून टाकलं. पडद्याच्या मधोमध मोठं पांढरं भोक उघडं पडलं.

"हे काय आहे?" मुख्याधिकारी बाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"शून्य," मी म्हटलं. "पाच नकाशांची बेरीज झाल्यावर आम्ही तिला अजून एका नकाशाने गुणतो, मॅडम. जिथे डेपो चालेल तिथे एक, जिथे चालणार नाही तिथे शून्य. शहराच्या हद्दीतल्या प्रत्येक घराला शून्य दिलंय. तिथली जागा कितीही योग्य असली तरी शून्याने गुणलं की शून्य."

"का दिलंय शून्य?"

"अहो, म्हणजे काय!" आप्पा खरोखरच चकित झाले होते. "शहरात कोण कचरा टाकतं?"

"ज्यांचा आहे ते," मी म्हटलं.

आता कुणी हसलं नाही. मी शून्याच्या नकाशात शिरले. सगळी हद्द निवडली, शून्य खोडून एक लिहिलं. सर म्हणाले, "मंजिरी, आता पुरे." मी शेवटची कळ दाबली.

त्या जुन्या मशीनवर ती पट्टी इतकी हळू कधी सरकली नसेल. पंखे फिरत होते. ताराबाय उभ्याच होत्या.

पांढऱ्या भोकात रंग भरला. शहराची बागाईत हिरवी आली, परसातली झाडं हिरवी, खाडीकाठ हिरवा. छपरं आणि रस्ते झाडांत मिसळून पिवळट. आणि पूर्वेकडच्या बाजूला नकाशातल्या घरांचा एक जथा लालभडक, कडा सरळ, कोपरे काटकोनात. निसर्गात असे कोपरे नसतात.

ओळखायला कुणालाही वेळ लागला नाही. नियोजित क्रीडासंकुल. आप्पांच्या पहिल्या कारकिर्दीतलं. चार बाजूंनी कंपाउंड, कोनशिला, आणि आत मुरूम पसरून त्यावर रोलर फिरवलेला. पुढे काहीच नाही. सपाट, रस्त्याला लागून, पाण्यापासून लांब.

"संपूर्ण तालुक्यात," मी म्हटलं, "भर ऑगस्टमध्येसुद्धा जिथे गवताचं पातं उगवत नाही अशी ही जागा आहे. पडीक हवी होती ना? ही घ्या."

मग जे सुरू झालं त्याला चर्चा म्हणता येणार नाही. एकजण ओरडत होता की हे विषयपत्रिकेवर नाही. दुसरा विचारत होता की त्याच्या घराजवळचं ते घर लाल आहे की नारिंगी. आप्पांनी काठी टेबलावर आपटली. सगळ्या गोंधळात मुख्याधिकारी बाई पडद्यापाशी आल्या, लाल तुकड्याकडे नीट बघितलं आणि मला म्हणाल्या, "हा नकाशा आहे तसा सेव्ह करा."

मी सेव्ह केला.

"तां लाल काय हाय गो?" ताराबायनी मागून मोठ्यांदा विचारलं.

"तुमचा सडा नाही," मी तितक्याच मोठ्यांदा सांगितलं.

त्यांनी मान हलवली, पदर खोचला आणि बायकांना घेऊन निघून गेल्या. परतीची एस. टी. चुकली असती.

*

पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. विषय त्या दिवशी तहकूब झाला, मग पुन्हा पाहणी झाली, मग वाद, मग निवडणूक. सडा यादीतून गेला तो गेलाच. क्रीडासंकुलाच्या मागच्या कोपऱ्यात आज एक बंदिस्त शेड आहे. शहर आपला ओला कचरा तिथेच कुजवतं. आसपासच्या सोसायट्यांची तक्रार होती की वास येतो. वास येतो म्हणून मग लोक कचरा वेगळा करायलाही शिकले. झऱ्याला अजून तोच काळा पाइप आहे. मागच्या सप्टेंबरमध्ये मी जाऊन बघून आले.

मी आता माझं स्वतःचं ऑफिस चालवते. माझ्याकडे कामाला येणाऱ्यांना मी सांगते की कुठल्याही नकाशावर शहराचं नाव टाकण्याआधी त्याच्या खाली काय आहे ते बघा.

पण मला तुम्हाला सांगायचं आहे ते त्या शुक्रवारचं. सभागृह रिकामं झाल्यावरचं.

सर सभागृहाच्या जिन्याखाली वायर गुंडाळत होते. कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा, त्यांच्या नेहमीच्या नीटनेटक्या पद्धतीने. मी कॉम्प्युटर उचलून आणला.

"सर," मी म्हटलं. "प्लग तुमच्या पायाशी होता."

"माहीत आहे मला कुठे होता."

"मग काढला का नाहीत?"

त्यांनी वायरची गाठ मारली. ती सैल वाटली म्हणून सोडली आणि पुन्हा मारली.

"सोमवारपासून येऊ नकोस," ते म्हणाले. "नगरपरिषदेचं काम मला पुन्हा मिळणार नाही. आणि तुझ्यासारखं माणूस मला ऑफिसात परवडणार नाही."

"बरं."

"गुणपत्रिका घेऊन जा तुझी. माझ्या कपाटात आहे."

"ठेवा तुमच्याकडे," मी म्हटलं. "सरासरीच आहे."

सरांनी वर बघितलं. चष्म्यावरून नाही, चष्म्यातून, पूर्ण. बराच वेळ बघत राहिले. त्या नजरेत राग होता की आणखी काही, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही नक्की सांगता येणार नाही.

"कमाल आहे तुझी," ते म्हणाले.

"हो सर," मी म्हटलं. "सरासरी नाही."